तीन पदकं आणि एक लाकडी पाटी

हे प्रकरण विसरायला मला कधी जमलंच नाही. त्यात मी आरोपी पकडला, मुद्देमाल मिळवला, वरिष्ठांची शाबासकीही घेतली. तरीही आठवण निघाली की माझेच त्या वेळचे कान उपटावेसे वाटतात.

नोकरीला जेमतेम दीड वर्ष झालं होतं. रहिमतपूरच्या बाजूच्या एका पोलीस ठाण्यात मी फौजदार म्हणून हजर झाले होते. ठाण्यातली पहिली बाई अधिकारी. टोपी मापाची नव्हती, कानांवर उतरायची, म्हणून मी मान ताठ ठेवून चालत असे आणि लोकांना तो रुबाब वाटत असे. नातवंडं आज तो फोटो बघून म्हणतात, "आजी, तू टोपी घातली नाहीस, टोपीनं तुला घातलंय." डोक्यात काय भरलं होतं ते फोटोत दिसत नाही, एवढंच बरं. नावं कुणाचीच देत नाही. ती घरं अजून त्याच गल्लीत आहेत.

ऊसतोडीचे दिवस होते. सत्तरीचे एक निवृत्त सुभेदार फिर्याद द्यायला आले. घरची माणसं शेतात असताना भरदुपारी कुलूप तोडून चोराने पितळी भांडी आणि लोखंडी ट्रंक नेली होती. ट्रंकेत लाल फडक्यात तीन पदकं होती. एक सुभेदारांच्या वडिलांचं, दुसऱ्या महायुद्धातलं. दोन त्यांची स्वतःची, पाकिस्तानशी झालेल्या लढायांतली.

"फडक्यात आणखी काय होतं?" मी विचारलं.

"फडकं जसंच्या तसं मिळालं म्हंजे झालं."

"ते चालत नाही सुभेदार. वस्तूवार लिहावं लागतं."

"मेडलांचं वर्णन घ्या बाईसाहेब. मेडलं घावली की बाकीचं घावंल. घरातलं हाय."

मी लिहिलं, 'व इतर किरकोळ वस्तू'. त्यातला किरकोळ हा शब्द माझा. त्यांनी फिर्याद दोनदा वाचली, त्या शब्दावर थोडे थांबले आणि सही केली.

आठ दिवसांनी खबर आली. आमच्या हवालदारांची सव्वीस वर्षं नोकरी झाली होती आणि त्यांच्या ओळखी कुठपर्यंत आहेत हे कुणालाच ठाऊक नव्हतं. माधवनगरच्या एका भंगारवाल्याकडे एक माणूस येऊन पदकांत चांदी किती निघेल म्हणून विचारत होता. भंगारवाल्याने त्याला उद्या ये म्हणून सांगितलं आणि हवालदारांना निरोप धाडला. आम्ही सांगलीच्या ठाण्यात नोंद केली आणि सकाळीच त्या दुकानात जाऊन बसलो. मी साध्या साडीत, जुने डबे उलटेपालटे करत. अकराच्या सुमारास तो माणूस आला आणि मलाच म्हणाला, "मावशी, सरका जरा."

मी पंचविशीची. मावशी! सरकले आणि त्याचा दंड असा धरला की तो खालीच बसला. अटकेच्या कारणांत हे लिहिता येत नाही, पण निम्मा जोर त्या मावशीचा होता.

आरोपी पन्नाशीचा, तीन वेळा जेल पाहून आलेला. चौकशीसाठी मी रात्रभर प्रश्न तयार केले होते, पण दार लावून समोर बसवल्यावर त्याने पहिल्या प्रश्नालाच सगळं कबूल केलं. माझे बाकीचे प्रश्न वाया गेल्याचा मला राग आला. त्याच्या खोलीतून ट्रंक मिळाली. टेबलावर वस्तू मांडून मी कारकुनाला सांगू लागले: भांडी, पदकं आणि एक लाकडाचा तुकडा. तळहाताएवढा, वर भोक, हात लागून लागून काळा पडलेला.

"तुकडा न्हाई बाईसाहेब," खाली बसलेला आरोपी म्हणाला. "कैद्याची पाटी हाय ती. इंग्रजाच्या वक्ताला गळ्यात बांधायचे. जेलच्या हापिसात काचंत लावलीया. तिन्ही खेपंला बघितलीया मी."

"मग टाकून का नाही दिलीस?"

"कशी टाकू? आमच्यातली हाय."

हवालदार हसले. मी भिंग मागवलं. पाटीवर डागलेले आकडे होते. कैदी क्रमांक, कलम ३०४, म्हणजे खुनाच्या खालचा मनुष्यवध, शिक्षा सात वर्षं, शिक्षेची तारीख. त्याखाली सुटकेची तारीख होती, पण ती चाकूने खरवडलेली. माझी टोपी लगेच कानावरून वर सरकली. सुटकेची तारीख कोण खरवडेल? पळालेला कैदी! सुभेदारांच्या घराने एक फरारी लपवला होता, आणि तो मी शोधून काढला होता. दोन पानांचा अहवाल लिहून मी साहेबांपुढे ठेवला.

साहेबांनी तो शांतपणे वाचला. "पहिल्या महायुद्धाच्या वेळचा आरोपी आहे. अटक कशी करणार? राख जप्त करून?" पण माझं तोंड उतरलेलं पाहून म्हणाले, "कारागृहाला पत्र टाका. कागद असेल तर कळवतील."

उत्तराची वाट पाहायची सोडून मी मुद्देमाल ओळखण्याचा पंचनामा लावला. पंच म्हणून सुभेदारांच्याच गल्लीतले, त्यांच्याच भावकीतले एक साठीचे शेतकरी बोलावले. हवालदार हळूच म्हणाले, "मॅडम, गावचा पंच कशाला? हितलाच कुनीतरी घेऊ."

"नियमात गावचा पंच चालतो," मी म्हणाले. नियम मला पाठ होते.

सुभेदारांनी पदकं ओळखली. बघून नाही, बोटांनी चाचपून. मग त्यांचा हात पाटीकडे गेला, पण त्याआधी मी ती उचलली.

"ही काय आहे ठाऊक आहे?" आणि मी ती मोठ्याने वाचून दाखवली, ठाण्याच्या ओसरीवरच्या माणसांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने. "कैद्याची पाटी. कलम तीनशे चार. माणूस मारल्याबद्दल सात वर्षं. तुमच्या घरात कशी आली?"

सुभेदारांनी पंचांकडे पाहिलं. पंच आपल्या चपलांकडे बघत होते.

"ही आमची न्हाई," सुभेदार म्हणाले.

'फिर्यादीने सदर वस्तू ओळखली नाही,' असं मी लिहिलं. पदकं कोर्टाच्या हुकमाशिवाय देता येत नव्हती. ते रिकाम्या हाताने उठले आणि जाताना, सवयीने असेल, मला सलाम करून गेले.

सगळे गेल्यावर हवालदार म्हणाले, "मॅडम, चोराची जबानी तुमी दार लावून घेतली." आणि ते चहा सांगायला बाहेर गेले.

महिन्याभराने कारागृहाचं उत्तर आलं. त्या क्रमांकाचा कैदी पळालेला नव्हता. लढाईच्या काळात कैद्यांमधून ओझी वाहणाऱ्यांची तुकडी इराकात बसऱ्याला पाठवली होती, तिच्यात तो आपण होऊन गेला होता. परत आल्यावर त्याची उरलेली शिक्षा माफ झाली. पत्र तीनदा वाचून मी वर्दी उतरवली आणि सुभेदारांच्या शेतावर गेले. ते बांधावर बसले होते.

"बसऱ्याला. व्हय," पत्र वाचून ते म्हणाले. "माजा आज्जा. बांधावरनं भांडान झालं, चुलतभावाच्या डोक्यात खोरं घातलं. जेलात साहेब आला, म्हनला, लढाईवर ओझी वाहाया कोन येतंय त्याची शिक्षा माफ. आज्जा गेला. परत आला तवा साहेबानंच तारीख खरवडून पाटी त्याच्या हातात दिली."

मी खाली बसले.

"बाप पलटनीत निघाला तवा आज्ज्यानं ती बापाच्या हातात दिली. म्हनला, मी सुटायसाठनं लढाईला गेलो, तू मोकळा जातुयास. मानूस मारल्यावर काय हुतं ते हातात धरून बघ आन मग बंदूक धर. बापानं मला दिली, मी पोराला; हातात धरायची आन परत ट्रंकंत ठिवून जायाचं. पोरगा आज सीमंवर हाय. नातवाला पलटनीचं बोलावनं आलंय, म्होरल्या म्हैन्यात जायाचाय. त्याच्या हातात आता काय दिऊ?"

"मग ती तुमची आहे असं का सांगितलं नाहीत?"

"मारलं कुनाला ते तुमी इचारलंच न्हाई." त्यांनी पत्राची घडी घालून माझ्या हातात दिली. "तुमच्या पंचाच्या आज्ज्याला. आता दोन्ही घरांत येनं-जानं हाय, एकमेकाच्या लग्नात मांडव घालतुय. मारलं कुनाला ते पोरास्नी ठावं न्हाई. त्याच्या तोंडावर ती माजी म्हनू?"

एवढं पाठांतर, पण त्या वेळी एकही नियम आठवला नाही.

कोर्टात आरोपीने गुन्हा कबूल केला. भांडी आणि पदकं फिर्यादीला द्यावीत, असा हुकूम झाला. मग न्यायाधीश पुढचं सांगू लागले, "लाकडी पाटी. दावेदार नाही. नष्ट करावी." सुभेदार मान खाली घालून उभे होते. मी तोंड उघडलं. पण माझ्या पंचनाम्यावर त्यांची सही होती आणि पंचनामा माझ्याच अक्षरात होता.

मागच्या बाकावरून पंच उठले. "साहेब, ती ह्यांची हाय."

"तुम्ही कोण?"

"पंच हाय. आन ह्यांच्या आज्ज्यानं ज्याला मारलं त्याचा नातू हाय."

सुभेदारांनी झटकन मागे वळून पाहिलं.

"ह्यांचा आज्जा बसऱ्यासनं आला तवा पयला घरला न्हाई गेला," पंच म्हणाले. "पाटी गळ्यात घालून आमच्या दारात हुबा ऱ्हायला. माज्या आज्जीनं आपल्या हातानं दोरी तोडली. म्हनली, भोगलंस न्हवं, आता घरला जा. मला तिनंच सांगितलंय. ह्यास्नी वाटतंय आमाला ठाव न्हाई. जाळू नका साहेब."

न्यायाधीशांनी लेखणी खाली ठेवली. "सुभेदार, पाटी तुमची आहे?"

इतका वेळ वाकून उभा असलेला तो माणूस सावधानमध्ये ताठ झाला. "व्हय साहेब. आमची हाय. माज्या आज्ज्याची."

नातू निघाला त्या दिवशी पाटी त्याच्या हातात पंचांनीच दिली, असं हवालदारांनी मला सांगितलं. मला बोलावणं नव्हतं, आणि ते योग्यच होतं.

पुढे बरीच वर्षं नोकरी केली. किती पंचनामे लिहिले त्याचा हिशोब ठेवलेला नाही. पण त्या दिवसानंतर मुद्देमाल ओळखायला आलेल्या प्रत्येक माणसाला मी आधी आत बोलावत असे, दार लावून घेत असे आणि विचारत असे, "यातलं काही चारचौघांत दाखवू नये असं आहे का?" हा प्रश्न कुठल्याही कायद्यात लिहिलेला नाही. बहुतेक माणसं नाही म्हणत. काही मात्र उत्तर द्यायच्या आधी दाराकडे बघत, ते नीट लागलं आहे ना म्हणून.