क्लचला पाजलेलं वंगण

मी फार बोलणारा माणूस नाही, पण ही फजिती माझ्याच तोंडून ऐका. दुसरा कुणी सांगेल तर मीठमिरची लावून सांगेल, आणि इथं ती लावायची गरजच नाही.

आमच्याकडे चार चाकांची एक फटफटी आहे. चाकं ही एवढाली. काळ्या रानात, ढेकळांतून, कुठंही जाते. पोरानं जुनी घेऊन दिली, आईसाठी. माझ्या बायकोचे, कौसल्येचे गुडघे गेल्यापासून तिला मळ्यात न्यायला दुसरं साधन नाही.

नेमका त्या गाडीचा क्लच जळाला. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी व्यापाऱ्याची माणसं मोसंबी तोडायला येणार. बागेतलं पहिलं फळ कौसल्येनं तोडायचं, हा आमच्या घरचा रिवाज. ती एवढंच म्हणाली, "औंदा माझ्याबिगर तोडा मंग." रागावली असती तर बरं वाटलं असतं.

गावातल्या पंडित फिटरनं काढून दिलेला जुना क्लच फडक्यात बांधला आणि दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं जालन्याला गेलो. शकीलभाईंचं स्पेअर पार्टचं दुकान आहे. त्यांनी नमुना पाहिला, माप घेतलं, दोन क्लच माझ्यापुढं ठेवले. मी हातात घेतले, वजन पाहिलं, बोट फिरवलं. दोन्ही कोरडे ठणठणीत.

"शकीलभाई, माल जुना दिसतो. वाळून गेलाय."

"बाबा, हा सूखाच असतो."

"वंगण लावलेला असेल तर दाखवा ना."

त्यांनी चष्मा काढला. "बाबा, इतके साल दुकान चालवतो. असा क्लच तुम्हीच पहिले मागितला."

मग त्यांनी समजावलं. क्लच घासून पकड धरतो, कोरडा असला तरच धरतो. मी मान हलवली. मान मी डॉक्टरसमोरही हलवतो. त्यांनी म्हटलं तो निवडून घेतला.

पण एसटीत विचार आला. जन्म गेला बैलगाडीत. नव्या आसाला वंगण दिल्याशिवाय मी कधी गाडी जुंपली का? हा शहरातला माणूस, याला काय ठाऊक?

घरी पंडित येऊन बसला होता. त्यानं गाडी पुन्हा खोलली आणि चहा प्यायला आत गेला. तेवढ्यात मी डबा काढला आणि लेकराला तेल चोळावं तसं क्लचला वंगण चोळलं. वरून पुसूनही घेतलं. पंडितनं तसाच बसवला.

कौसल्या नवं लुगडं नेसून गाडीवर बसली. पंडितनं गाडीचा कान पिळला, रेस दिली. इंजिन असं ओरडलं की कोंबड्या छपरावर गेल्या. गाडी मात्र तसूभर हलली नाही.

पंडितनं शकीलभाईंना फोन लावला. "काय माल दिला राव? गाडी जाग्यावरच नाचून राह्यली. मावशी सकाळधरनं वाट बघून राह्यल्या."

तेव्हाच बोलायला हवं होतं. मी हात धोतराला पुसत उभा राहिलो.

"मावशीला सांगा, मी आलो," पलीकडून आवाज आला.

दुकान बंद करून तो भला माणूस मोटारसायकलवर आला, दुसरा क्लच घेऊन. पाणीसुद्धा न पिता गाडी खोलली. बोट लावलं, वास घेतला.

"हे म्या न्हाई लावलं," पंडित लगेच म्हणाला.

शकीलभाईंनी माझ्या धोतराकडं पाहिलं. "बाबा, तुम्ही?"

"थोडंसंच."

"थोडंसं? एवढ्यात बैलगाडी औरंगाबादला जाऊन आली असती."

मला वाटलं, आता चार माणसांत पाणउतारा होणार. पण त्यांनी बाही वर सारली, पेट्रोलनं सगळं धुतलं, पॉलिश पेपरनं घासलं. आणलेला क्लच पिशवीतच राहू दिला. "हाच चालेल. नवा कशाला वाया घालवायचा?" मग कौसल्येला म्हणाले, "बसा मावशी." चुकलो मी, आणि हात काळे झाले त्यांचे. त्या माणसाचं हे देणं माझ्या जन्मात फिटायचं नाही.

गाडी झपकन निघाली. दिवस मावळायच्या आत आम्ही सगळे बागेत होतो. कौसल्येनं झाडाला हात जोडले, पहिलं मोसंबं तोडलं आणि शकीलभाईंच्या हातावर ठेवलं.

दुसरं तोडलं, ते पंडितला.

मी हात पुढं केला.

"थांबा," ती म्हणाली, "आधी हात धुऊन या. न्हाई तर ह्यालाबी वंगण लावसाल."