उरलेले आभार

माझे मामा कृत्रिम हात बनवायचे. एका मोठ्या रुग्णालयाच्या मागच्या अंगाला, कपडे धुण्याच्या खोल्यांना लागून, त्यांची लांबट कार्यशाळा होती आणि तिथे त्यांनी चौतीस वर्षं काढली. पाय बनवणारे तिथे आणखी तिघे होते, पण हात म्हटलं की मामाच. त्यामुळे सगळं रुग्णालय त्यांना 'हातवाले' म्हणायचं. नोकरीसाठी मी त्या शहरात आले आणि मामा-मामींकडे राहू लागले, तेव्हा रुग्णालयाच्या दाराशी पत्ता विचारताना मामांचं पूर्ण नाव सांगितलं तर पहारेकरी गोंधळला. 'हात बनवतात ते' म्हटल्यावर मात्र तो स्वतः सोडायला आला.

मामा किडकिडीत, चष्मा सदा कपाळावर. माणूस भेटला की आधी त्याच्या हातांकडे बघायचे. मामी म्हणायच्या, "यांनी माझी बोटं बघून मला पसंत केलं. चेहरा पुढे सवडीनं पाहिला."

त्यांचं काम मी बऱ्याचदा बघत बसे. तुटलेल्या हाताच्या टोकाचा आधी प्लास्टरमध्ये साचा घ्यायचा, त्यावरून खोळ बनवायची, खोळीला पंजा जोडायचा. पाठीवरून एक पट्टा जायचा. खांदा पुढे रेटला की पट्ट्याची तार ओढली जाऊन बोटं उघडत, खांदा सैल सोडला की स्प्रिंग ती मिटवी. ऐकायला सोपं. पण अंगठ्यापाशी मामा दरवेळी अडायचे. "चार बोटं कोणीही बनवेल," ते म्हणायचे. "अंगठा वाकतो, वळतो, आडवा येतो, प्रत्येक बोटाला जाऊन भेटतो. चौतीस वर्षं झाली, माझा एकही अंगठा करंगळीपर्यंत पोचलेला नाही." मग स्वतःचा उजवा अंगठा करंगळीला टेकवून ते बारकाईनं बघत राहायचे. पाककृती चोरायला आलेला आचारी दुसऱ्याच्या पातेल्यात डोकावतो ना, तसे.

देवाचं मात्र नाव काढायचं नाही. मामी रोज सकाळी खिडकीजवळच्या खुर्चीवर डोळे मिटून पाच मिनिटं बसत. ती त्यांची प्रार्थना. मामा तेवढा वेळ रेडिओ बारीक करत, बाकी काही नाही. एकदा मी छेडलं तेव्हा म्हणाले, "अगं, देव असता तर माझा धंदा चालला असता का? परवा सहा वर्षांची पोर आली होती, जन्मापासून मनगट नाही. कोणाकडे तक्रार करायची? तिथे कोणी जागेवर नाही म्हणून मी दुकान उघडून बसलोय." हे ते हसत सांगत, पण त्या हसण्यात राग असे, आणि तो राग मला पटत असे.

त्यांच्याकडे बेकरीत काम करणारी एक बाई यायची. कणीक मळायच्या यंत्रात तिचा उजवा हात गेला होता. मामांनी तिच्यासाठी खपून हात बनवला आणि ती तो झपाट्यानं शिकली. पाव कागदात बांधायची, किल्ली फिरवायची. मामांना तिचं भारी कौतुक. एक दिवस ती आली आणि म्हणाली, "काका, हात झकास आहे. तक्रार नाही. पण काल पोरगी तापली असं वाटलं म्हणून सवयीनं हा हात तिच्या कपाळाला लावला. त्यानं मला काहीच सांगितलं नाही."

त्या दिवशी जेवताना मामांनी हे आम्हाला सांगितलं आणि घास तसाच ताटात ठेवला. "हाताचं वजन कमी करा म्हणाली असती तर केलं असतं. पकड वाढवा म्हणाली असती तर वाढवली असती. हे मला नाही जमायचं. कोणालाच नाही जमायचं." मामींनी त्यांच्यापुढे पाण्याचा पेला सरकवला.

यानंतर दोनेक महिन्यांनी, भर दुपारी, मामा कार्यशाळेत एक अंगठा कानशीनं घासत असताना कानस हातातून पडली. त्यांनी ती उचलली, ती पुन्हा पडली. बोटांना तेल लागलं असेल म्हणून त्यांनी हात पुसला. तिसऱ्यांदा कानस उचलायला गेले तर हात हललाच नाही. नंतर त्यांनी मला सांगितलं, "टेबलावर तीन-चार हात पडलेले होतेच गं. त्यातला एक माझा आहे हे कळायला मला वेळ लागला."

पाय बनवणाऱ्या तिघांनी त्यांना खुर्चीसकट उचललं आणि धावत आपत्कालीन कक्षात नेलं. रुग्णालय दारातच होतं म्हणून जीव वाचला. मेंदूत गुठळी झाली होती. जीभ दहा दिवसांत वळणावर आली. महिन्याभरात काठी घेऊन ते घरातल्या घरात चालू लागले. उजवा हात मात्र आला नाही. उशीवर ठेवला तर तिथे, मांडीवर ठेवला तर तिथे.

दुसऱ्यांना धीर देण्यात मामांचा जन्म गेला होता. स्वतःच्या वेळी त्यांनी पार हात टेकले. व्यायाम करून घ्यायला रुग्णालयातून एक बाई यायच्या, दांडग्या आवाजाच्या. पहिल्याच दिवशी मामा त्यांच्यावर खेकसले, "मला हाताबद्दल शिकवू नका!"

बाई हसल्या. "तुम्ही बनवता त्या हातांबद्दल तुम्ही मला शिकवा, मी ऐकेन. हा मात्र तुमच्या कार्यशाळेतला नाही. आणा इकडे."

रोज अर्धा तास त्या एकेक बोट उघडायच्या, मिटायच्या. संध्याकाळी मामी तेल चोळायच्या. मामा खिडकीबाहेर बघत बसायचे. हाताकडे बघणं त्यांनी सोडून दिलं होतं.

नवव्या आठवड्यातली गोष्ट. सकाळची वेळ होती, मी कामावर निघायच्या गडबडीत होते. मामी त्यांच्या खुर्चीवर डोळे मिटून बसल्या होत्या आणि शेजारच्या खुर्चीत मामा, मांडीवर उशी, उशीवर हात. मी दाराशी चपला घालत होते. तेवढ्यात मामांचा आवाज आला, अगदी हळू, झोपलेलं मूल उठू नये म्हणून आपण बोलतो तसा.

"अगं, इकडे ये. हलू नकोस. म्हणजे ये, पण हळू ये."

मी गेले. मामींनीही डोळे उघडले होते. उशीवरचा अंगठा, वरच्या पेरापाशी, वाकला. अगदी थोडा. तांदळाचा दाणा उभा ठेवला तर तेवढा. मग सरळ झाला. मग पुन्हा वाकला.

मी ओरडलेच. मामींनी तोंडावर पदर दाबला. मामा मात्र ओरडले नाहीत, हसले नाहीत. त्यांनी कपाळावरचा चष्मा खाली ओढला, मान वाकवून नाक हाताला लागेल इतके जवळ गेले आणि बघत राहिले. चष्म्याच्या काचांवर पाणी ठिबकलं तेव्हा मला कळलं की ते रडतायत.

"बघ," ते म्हणाले. "तार नाही. पट्टा नाही. मी खांदा हलवला का? नाही ना? मी नुसतं मनात म्हटलं, वाक. आणि हा वाकला." जरा वेळानं म्हणाले, "एवढं वाकवायला मला अकरा तुकडे लागतात. अकरा तुकडे आणि दोन स्प्रिंगा. तरी आवाज येतो. याचा आवाज ऐकू येतोय का तुला?"

आम्ही तिघं खरंच कान देऊन ऐकू लागलो. रस्त्यावरची वाहनं तेवढी ऐकू येत होती. अंगठा निःशब्द वाकत होता, उठत होता. इतकी वर्षं माझ्या दोन्ही हातांना अंगठे होते, आणि त्या सकाळी मी ते पहिल्यांदा पाहिले. त्या दिवशी मी कामावर गेले नाही.

व्यायामाच्या बाई आल्या तेव्हा त्यांनी टाळी वाजवली आणि सगळं समजावून सांगितलं. मेंदूतला जुना रस्ता बंद पडला होता, मेंदूनं आडवाटेनं नवा काढला, असं होतं.

"बरोबर," मामा म्हणाले. "रस्ता कळला. काढला कोणी?"

"मेंदूनं."

"मेंदू माझाच ना? मग मला कसं कळलं नाही? मी तर नऊ आठवडे तोंड फिरवून बसलो होतो. माझ्या घरात इतकं बांधकाम चाललं आणि मालकाला पत्ता नाही?"

बाई म्हणाल्या, "ते मला नाही सांगता येणार. मी फक्त बोटं हलवते."

मामांनी त्यांचे आभार मानले, मनापासून, उठून उभं राहून. दुपारी डॉक्टरांना फोन लावून त्यांचेही मानले. डॉक्टर प्रामाणिक निघाले. म्हणाले, "माझ्या गोळ्या पुन्हा गुठळी होऊ नये म्हणून आहेत. अंगठ्याचं श्रेय मला नका देऊ." संध्याकाळी मामींचे आभार मानले तर त्या लाजल्याच. "इश्श, मी काय केलं? तेल चोळलं."

मामा येरझाऱ्या घालू लागले. काठीचा आवाज या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. शेवटी मामींसमोर थांबले.

"सगळ्यांचे मानून झाले गं. तरी उरलेत."

"काय उरलेत?"

"आभार. इथे," त्यांनी डाव्या हातानं छातीवर थोपटलं. "इतके आहेत की कोंडल्यासारखं होतंय. हे कोणाला द्यायचे?"

मामींना चाळीस वर्षांचा हिशेब चुकता करायची ही नामी संधी होती. पण त्या तसं काही बोलल्या नाहीत. नुसतं म्हणाल्या, "उद्या सकाळी माझ्याजवळ बसा."

दुसऱ्या दिवशी रेडिओ बंद होता. दोघं खिडकीशी डोळे मिटून बसले होते. पाच मिनिटांनी मामांनी डोळे उघडले तेव्हा मला राहवलं नाही. विचारलं, "काय म्हणालात मामा?"

"फार काही नाही. म्हटलं, काम बघितलं मी." त्यांनी उशीवरच्या अंगठ्याकडे पाहिलं. "एका कारागिरानं दुसऱ्याला म्हणावं तसं. मी हात बनवणारा आहे, मला कळतं म्हटलं."

त्या दिवसापासून मामांना देव होता. कसला, कुठला, दिसायला कसा, या भानगडीत ते पडले नाहीत.

महिन्याभरानं बेकरीतली बाई भेटायला आली. ताजा पाव घेऊन आली होती. तिला दारात बघितलं आणि मामांचा चेहरा उतरला. त्यांनी उजवा हात उशीखाली सारला, चोरी पकडली गेल्यासारखा. तिनं ते पाहिलं.

"लपवता काय काका? दाखवा की."

मामांनी हात बाहेर काढला. अंगठा आता पहिल्या बोटाला टेकत होता. तिनं आपला डावा हात पुढे करून त्या अंगठ्याला बोट लावलं आणि तो हलताना जाणवला तशी ती खुदकन हसली. मग तिचे डोळे भरले.

"गरम आहे," ती म्हणाली.

मामांनी हात तसाच पुढे धरून ठेवला. म्हणाले, "पोरी, मला परत मिळाला. तुझा नाही मिळाला. मी कोणाचे आभार मानतोय तेच मला कळेनासं झालंय."

तिनं पदरानं नाक पुसलं. "माझं त्याच्याशी भांडण वेगळं आहे काका. ते मी बघते. तुम्ही तुमचं बघा. आभार मानायचे असतील तर खुशाल माना, माझ्यासाठी थांबवू नका."

पुढे त्यांचा रोजचा नेम असा झाला की आधी आभार मानायचे आणि मग भांडायचं. ओठ हलताना दिसायचे, भुवया आक्रसायच्या. त्या सहा वर्षांच्या मुलीचं, बेकरीतल्या बाईचं, सगळ्यांचं ते एकेक करून मांडत. पाचाची दहा मिनिटं झाली, मग वीस. मामी स्वयंपाकघरातून म्हणायच्या, "अहो, पुरे आता, दमला असेल तो." मामा डोळे न उघडता म्हणायचे, "उत्तर देऊ दे, मग सोडतो."

हात पूर्ण काही आला नाही. निम्मा आला म्हणायचा. कानस पुन्हा धरता आली नाही. कार्यशाळेत त्यांनी आपली जागा दुसऱ्याला दिली आणि आठवड्यातून तीन दिवस नुसते जाऊन बसू लागले. नव्यानं हात गमावलेली माणसं आली की त्यांच्याशी बोलायचं, एवढंच काम. देवाबद्दल ते त्यांना चकार शब्द काढत नसत. मी कारण विचारलं तर म्हणाले, "मला जे दिसलं ते मला दिसलं. त्यांच्या अंगावर ते का टाकू?"

त्यांच्याबरोबर बाहेर जाणं मात्र कठीण होऊन बसलं. परवा आम्ही बसथांब्यावर उभे होतो. बाकावर एक बाई पोराच्या बुटाची नाडी बांधत होती, दुसऱ्याच कोणाशी गप्पा मारत, नाडीकडे न बघता. मामांनी माझं कोपर घट्ट धरलं.

"बघ," ते कुजबुजले. "बघ, बघ तिची बोटं. कोणी शिकवलं असेल त्यांना?"

मी बघू लागले. एका बोटानं फास धरला, दुसऱ्यानं नाडी वळवली, अंगठ्यानं ती आत सारली. बस आली, थांबली आणि निघूनही गेली. आम्ही दोघं तिथेच उभे होतो.