सासऱ्यांनी ठोकलेला बंब

जुन्या वस्तू हुडकून विकण्याच्या धंद्यात माझ्यासारखा माणूस आख्ख्या तुळजापूर तालुक्यात दुसरा नाही. मी सांगतो म्हणून मानू नका, आमच्या जळकोटच्या हायवेवरच्या त्या मोठ्या हॉटेलात जाऊन बघा. दाराशी जे दगडी जातं मांडलंय, ते मी भंगाराच्या ढिगातून उचललेलं. विकताना मालकाला सांगितलं, यावर निजामाच्या फौजेचं पीठ दळायचे. आता तिथला वेटर गिऱ्हाइकांना सांगतो, की जात्याला हत्ती जुंपायचे. हत्ती माझा नाही. पण वस्तू एकदा विकली की तिची पुढची वाढ आपल्या हातात राहत नाही.

धंद्याची रीत सोपी आहे. विकताना आरती, घेताना निंदा. भंगारवाल्याच्या दारात जी वस्तू डोळ्यात भरली तिच्याकडं आधी पाठ करायची. दुसऱ्याच कशाचा तरी भाव विचारायचा. मग जाता जाता हवी ती वस्तू पायानं ढकलून ‘हे काय मढं ठेवलंय’ म्हणायचं, आणि उठून चहाला जायचं. चहा पिऊन परत येईस्तोवर भाव निम्मा. मी निंदा करायला लागलो की चकचकीत पितळसुद्धा शरमेनं काळं पडतं, अशी आमच्या लायनीत ख्याती आहे. ती मीच पसरवलीय, पण आहे.

आमच्या न्हाणीत तांब्याचा एक बंब होता. बायकोनं लग्नात आणलेला. सासरे तांबट. लेकीसाठी पत्रा त्यांनी स्वतः वाकवला, स्वतः मठारला. अंगभर हातोडीचे बारीक ठोके असे एकसारखे मारले होते, की उन्हात ठेवला तर माशाच्या खवल्यांसारखा चमकायचा. त्यानंतर त्यांचा हात कापायला लागला आणि पुन्हा त्यांनी भांडं केलं नाही. सासरे गेले, दुकान गेलं. तिथं आता मोबाइलची कव्हरं मिळतात. त्यांच्या हातचं म्हणून बायकोजवळ एवढंच उरलं होतं. मी त्या बंबाला कितीदा गिऱ्हाईक आणलं! पुण्याची एक बाई त्यात शोभेचं झाड लावणार होती. बायको म्हणाली, “झाड लावायचं? मग पयलं तुमाला पुरते त्यात, खत म्हणून.” विषय मिटला.

भावाची आणि माझी वाटणी झाली तेव्हा न्हाणी त्याच्या वाट्याला गेली. बंब उचलून आणायचा राहिला. आम्ही तेरखेड्याला एका लग्नाला गेलो आणि इकडं भावजयीनं न्हाणीत फरशी बसवायला काढली. फुटक्या बादल्या, गंजकी पिंपं आणि त्यांच्यासोबत बंब, सगळं दारावरच्या भंगाराच्या गाड्यावर घातलं. मी विचारलं तर म्हणाली, “भावजी, तुम्ही गावभराचं जुनं इकताव. आमी एक डबडं इकलं तर एवढं काय झालं?”

बायको भांडली नाही, रडलीही नाही. मला म्हणाली, “दुनियेचं हुडकून आणताव. माझं एक आणा.” आणि दुसऱ्या दिवसापासून थंड पाण्यानं आंघोळ करायला लागली. थंडी अशी, की हौदातलं पाणी कुऱ्हाडीनं फोडून घ्यावं. मी म्हणालो, “अगं, गॅसवर पातेलं ठेव.” म्हणाली, “बंब आल्यावर तापवीन.”

मी निघालो. बंब बांधायला मोटारसायकलच्या मागं नवी दोरी घेतली. गाडेवाला सापडला, त्यानं माल उमरग्याच्या टेम्पोला दिला होता. टेम्पोवाला सापडला, त्यानं मुरूमच्या गोडाऊनला टाकला होता. पोलिसांना याला वर्ष लागलं असतं. मी दुपारच्या आत मुरूमला हजर.

गोडाऊनचे चाचा माझ्या वर्षानुवर्षांच्या ओळखीचे. आत शिरलो आणि दिसला. कूलरचा सांगाडा आणि सायकलच्या रिंगा यांच्या मधे आडवा पडला होता. पितळी तोटी कोणीतरी काढून घेतलेली, पण खवले तेच. इथं दुसरा कुठलाही नवरा असता तर सरळ म्हणाला असता, ‘चाचा, हा माझ्या बायकोचा बंब, द्या.’ आणि चाचा असे, की पडल्या भावात दिला असता, वर चहा पाजला असता. पण माझं तोंड धंद्याला लागलेलं. मी बंबाकडं पाठ केली.

“चाचा, टेबलफॅन हाय का एखादा जुना?”

“हौ, है ना. वो देखो कोने में.”

फॅन बघितला, फिरवला, नाक मुरडलं. परतताना बंबाला पाय लावला. सासऱ्यांच्या बंबाला. “हे काय डबडं ठेवलंय?”

“डबडं नक्को बोलो मालक. असली तांबा है. हात का काम.”

“हातचं हाय म्हणूनच म्हणतो. बूड बघा, पापड झालाय. तोटी न्हाय, झाकण न्हाय. पाणी वतलं तर वरनं कमी अन् खालनं जास्त निघंल.”

“पर हॉटेलवाले लेतें बोल रे थे कोई.”

“हॉटेलवाले कुणाचे? माझे! त्यांना आता काचेचं पायजे, चिनीमातीचं पायजे. बंबाची फॅशन कवाच मेली. तुमच्याम्होरं खोटं कशाला बोलू?”

चाचांचा चेहरा पडला. “फिर क्या करना इसका?”

“करायचंय काय? मोडीचा माल. फॅनसंगं वजनावर देणार असलाव तर बघू. न्हायतर ठोकून टाका, जागा तरी मोकळी व्हईल.”

“देखता मैं,” चाचा म्हणाले. मी चहाला गेलो. रीतीप्रमाणं.

भजी पण मागवली. लवकर परतलं की गरज दिसते आणि भाव चढतो, म्हणून सावकाश खाल्ली. शेजारच्या बाकावरच्या माणसाला जात्याची गोष्ट सांगितली. हत्तीसकट. मागून घणाचा ठणठणाट येत होता. गोडाऊनमधून तो दिवसभर येतच असतो. मी दुसरा चहा सांगितला.

परत आलो तर बंब जमिनीला सपाट. दोन गडी घण टेकून घाम पुसत होते.

“चाचा! हे काय केलं?”

“तुम्हीच बोले ना. मोडी का माल. तांबे की गाडी निकल री थी, बोला डाल देता इसमें.” आणि वर मनापासून म्हणाले, “तुमारी जबान पे भरोसा है मालक. इस लाइन में तुमारे जैसा पारखी नै.”

जन्मभर हे वाक्य ऐकायला मी तडफडलो होतो.

मग मी खरं सांगितलं. माझ्याच बायकोचा, लग्नातला, सासऱ्यांनी स्वतःच्या हातानं केलेला. चाचा आधी बघत राहिले, मग पोट धरून हसले. “वा मालक! दाम उतारने कू अब ससुरे को भी लाए क्या?” गडीही हसले. मी घासाघीस न करता सांगितलेली रक्कम दिली, तेव्हा तर त्यांची खात्रीच पटली की यात माझा काहीतरी मोठा डाव आहे.

दोरी तशीच राहिली. बंब पोत्यात मावला.

वाटेत गोष्ट जुळवली. मुरूमच्या पुढं ट्रक आडवा आला, बंब पडला, चाक वरून गेलं, मी जीव धोक्यात घालून... जळकोटच्या फाट्यापर्यंत ती इतकी तासून झाली होती की माझाच विश्वास बसला.

अंगणात पोतं उलटं केलं. बायको खाली बसली. कुठं कुठं खवले शिल्लक होते, बाकी घणाचे खड्डे. त्यांवरून तिनं तळवा फिरवला.

“अगं, काय सांगू तुला, म्होरनं एक ट्रक...”

तिनं हात वर केला. “कुठं घावला?”

“मुरूमला. चाचांच्या गोडाऊनमधी.”

“चाचा तर वळखीचे तुमच्या. मग तिथं काय बोललाव तुम्ही?”

मी रिकाम्या पोत्याची घडी घालायला लागलो.

तो पत्रा आता आमच्या हौदावर झाकण म्हणून असतो. पहाटे ती तो उचलते. हळूच ठेवते, पण तांबं ते, वाजतंच. भिंतीपलीकडं भावाच्या न्हाणीत गिझर लागलेला असतो.

परवा त्या हॉटेलचा मालक नवीन माल बघायला घरी आला. त्याची नजर हौदावर गेली. “हा पीस भारी आहे हो. भिंतीवर लावतो. काय गोष्ट आहे याची?”

“काही न्हाय,” मी म्हणालो. “झाकण हाय.”

आत आमच्या मोरीत थंड पाण्याचा तांब्या अंगावर ओतल्याचा आवाज आला, आणि तिनं ओढून घेतलेला श्वास.