नाव करवंदांचे

पनवेलच्या कचेरीबाहेर अर्ज लिहिणे हा माझा व्यवसाय आणि अन्यायाची चीड हा स्वभाव. एकदा चिरनेरकडची एक बाई जॅमची बाटली घेऊन आली. करवंदे तिने वेचली, स्वतःच्या चुलीवर आटवली. पेठेतल्या दुकानदाराने मात्र वर स्ट्रॉबेरीचे चित्र चिकटवून तो जॅम विलायती म्हणून विकला! स्वराज्य आले, तरी गिऱ्हाइकाची जीभ विलायतेतच! ती ओल्या अंगठ्याने ते चित्र खरवडत राहिली.

"अर्जात तुमचे नाव घालू ना, बाई?"

"माजा नको, दादा. करवंदांचा घाला."

मी जळजळीत अर्ज लिहिला. उत्तर आले नाही. पुढच्या उन्हाळ्यात तिने जॅम केलाच नाही. त्याच दुकानासमोर टोपली मांडून ती ओरडत होती, "करवंदां घ्या, करवंदां!"