अप्पांची काळी चार

माझ्या वडिलांचं गाणं मी बंद पाडलं.

आज अप्पांचं बारावं झालं. पाहुणे एसटीला लागले, आई जरा पडलीय. सगळे येऊन "बुवांनी शेवटी शेवटी गाणं का सोडलं गो?" विचारत होते, आणि मी चहाचे कप उचलत होते.

म्हणून आता लिहिते.

तोंडवलीत आमच्या वाडीच्या भजनाचे बुवा म्हणजे माझे अप्पा. त्यांची पट्टी काळी चार. ज्यांना पेटीतलं कळत नाही त्यांना सांगते, पुरुषाच्या गळ्याला ही पट्टी उंच. भल्याभल्यांच्या मानेच्या शिरा फुगतात. अप्पा साठी उलटल्यावरही तिथेच गायचे, आणि त्याचा त्यांना माज होता. हो, माजच.

मग डावा खांदा आखडला. पेटीचा भाता मारायला हात मागे जाईना. "आता काय, टाळ कुटतलंय," म्हणून रुसून बसले.

मी म्हटलं, कीबोर्ड घेऊ. भाता नको, काही नको.

रिव्ह्यू बघून बघून माझं डोकं फिरलं. टच सेन्सिटिव्ह हवा का, टोन किती, स्पीकर कसे. अप्पांच्या अटी दोनच. बॅटरीवर चालला पाहिजे, कारण गणेशचतुर्थीत घरोघर भजनं, आणि लाइट कधी जाईल नेम नाही. आणि हलका पाहिजे.

मालवणच्या दुकानात त्यांनी एकेक कीबोर्ड उजव्या काखेत मारला आणि काउंटरसमोर फेऱ्या घातल्या. गिऱ्हाइकं बघत बसली!

दुकानदार म्हणाला, "काका, हा जरा जड आहे, पण ढीगभर रिदम आहेत. पखवाजवाला शोधायला नको."

"मगे आमच्या सुभाषाक काय घराक धाडू?"

सुभाषकाका म्हणजे त्यांचा जन्माचा पखवाजी.

शेवटी सगळ्यात साधा, सगळ्यात हलका घेतला. आमच्या खिशाला झेपणारा. "ह्यां बरां. ह्यां काखेत मारून घरोघर जावचां आसा माका."

घरी येऊन बसले. काळी चार धरली. आणि आवाज फाटला.

कित्येक महिने गायले नव्हते, वय झालेलं. परत धरला, परत फाटला.  कीबोर्ड बंद करून बाहेर खळ्यात, अंगणात जाऊन उभे राहिले. तो चेहरा मला बघवेना.

मी मोठी शहाणी ना! मला ट्रान्सपोजचं बटण सापडलं. बोटं नेहमीच्याच जागी ठेवायची, सूर मात्र खालचा निघतो. दुसऱ्या दिवशी मी गुपचूप दोन-तीन सूर खाली आणून ठेवला.

अप्पा गायले. सरळ, मोकळे, वरपर्यंत.

"लागता गो! अजून लागता काळी चार!"

आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "आता चतुर्थीपर्यंत हेंका कोण गप करतलो?"

त्यांचे कान थोडे मंदावले होते, जुनी पेटी माळ्यावर गेली होती. ताडून बघायला घरात दुसरा सूरच नव्हता. खरं कसं सांगणार होते मी? इतके खूश होते!

घोळ एकच होता. बंद केला की तो कीबोर्ड सगळं विसरतो. चालू केला की परत मूळ सुरावर. म्हणून रोज मीच चालू करायची. "अप्पा, थांबा, तेचां बटण नाजूक आसा." ते हसायचे. "माज्यापेक्षा तुकाच त्येची काळजी."

चतुर्थीला शेजारच्या घरी भजन होतं. बजावून ठेवलं होतं, माझ्याशिवाय निघू नका. पण आमच्याकडे पाहुणे आले, मी चहा गाळत होते, आणि अप्पा कीबोर्ड काखेत मारून गेलेसुद्धा.

शेजारून पहिला सूर ऐकला आणि मी गाळणी तशीच टाकली. ती खरी काळी चार होती.

धावले मी. पोचेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. भरल्या खोलीत, गणपतीसमोर, अप्पांचा आवाज चिरकला. कोरसवाल्यांनी मोठ्याने गाऊन सावरून घेतलं. अप्पांनी पुन्हा प्रयत्न केला. मग बटण दाबून कीबोर्ड बंद केला आणि पुढचा अभंग दुसऱ्याला म्हणायला लावला.

घरी येऊन म्हणाले, "काल लागत होती. एका रातीत गेली गो."

तेव्हा सांगायचं होतं. तोंडापाशी आलं होतं. आणि मी काय म्हटलं? "सर्दी झाली असतली, अप्पा."

शी!

त्यानंतर ते गायले नाहीत. कीबोर्ड जुन्या चादरीत गुंडाळून कपाटावर ठेवला. लोकांना सांगायचे, गळो गेलो. आणि बारा दिवसांमागे दुपारी जेवून आडवे झाले, ते उठलेच नाहीत.

आज मी सुभाषकाकांना सगळं सांगितलं. वाटलं, ओरडतील. त्यांनी पत्रावळ दुमडून बाजूला ठेवली.

"अगो, माका सांगायचां तरी. माका पखवाज जरासो उतरवचो लागलो असतो, इतक्यांच. आमी सगळे खाली गायलो असतो."

इतकंच करायचं होतं, लोकहो.

अप्पा, तुमका दुखूक नये म्हणून मी खोटां बोललंय, आणि मगे माका भ्यां वाटलां म्हणून बोललंय. तुमचो गळो एका रातीत जावक नव्हतो. आदल्या दिवशी जसो होतो, तसोच त्या दिवशीय होतो. खालच्या पट्टीत तुमी अजून कितीतरी चतुर्थ्यो गायला असतात.

ह्यां तुमका जित्तेपणी सांगूक होयां होतां.

नमस्कार करतंय, अप्पा.