बाराव्या फोटोचं नाव
नव्या तांदळाची पेज उकळू लागली की मला लोधिवलीतला एक ओटा आठवतो. मी जुन्या भातजातींवर प्रबंध लिहीत होते आणि संदर्भ ठेवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एकेका शेतकऱ्याची नोंद करून त्या नोंदीला फोटो जोडत होते. लोधिवलीच्या काकूंच्या नोंदीला चौदा फोटो होते, प्रत्येकात त्यांचा तळहात आणि त्यावर चिमूटभर भात. जातीचं नाव मी फक्त फाइलीच्या नावात लिहिलं होतं. एका सकाळी नीटनेटकेपणाच्या हौसेने एक बटण दाबलं आणि चौदाही फाइलींना काकूंचंच नाव लागलं, पुढे एक ते चौदा आकडे. दुसऱ्या दिवशी यादी गाइडना द्यायची होती. लॅपटॉप घेऊन मी कर्जतहून तशीच निघाले. काकू ओट्यावर भात पाखडत होत्या. माझं रडगाणं ऐकून त्यांनी सूप खाली ठेवलं. "नाव गेलं तर जाऊ दे गं, दाना दिसतोय ना?" म्हणाल्या आणि स्क्रीनला नाक लावून सांगत सुटल्या, ही पटणी, हा कोलम, ही जिरवेल. मी टाइप करत गेले, तसा माझा जीव भांड्यात पडत गेला. बाराव्या फोटोवर मात्र त्या थांबल्या. "ह्यो माज्या मायेरचा राता हाय," त्या हळूच म्हणाल्या, "आता तितं कुनी लावत नाय." मी तेच लिहिलं. पुढे गाइडनी सगळी नावं एका साच्यात लिहायला सांगितली, तेव्हा मी तेरा बदलली. बाराव्या फाइलीचं नाव अजून 'काकूंच्या माहेरचा राता' असंच आहे.