खवलेबाई

खवलेबाई कुणाच्याही घरी जेवायला बसत असे, पण ताटात पडेल ते सगळंच खात नसे. आमच्या नवापुरात बाकी सगळ्यांचं बरोबर उलट होतं. कुणाच्या हातचं खायचं आणि कुणाच्या हातचं नाही, हे आम्ही जन्मतःच पाठ करून आलेलो. एकदा हात मान्य झाला, की ताटात काय पडलं याची चौकशी कोणी करत नसे. ही बाई हाताकडे बघायचीच नाही, ती ताटाकडे बघायची. पाड्यावरच्या झोपडीत मांडी घालून भाकरी खाई, आणि मामलेदारांच्या घरून मोठ्या मानाने आलेला मटणाचा डबा झाकणसुद्धा न उघडता परत पाठवी. मामलेदारीणबाई पुढे कित्येक दिवस तिच्याशी बोलत नव्हत्या.

मी त्या सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होतो. जातीने वाणी. आमच्या घरात कांदासुद्धा विचार करून चिरत. बाई मुंबईला नर्सचं काम शिकून आमच्याकडे आली होती, मूळची अलिबागकडची. पहिल्याच आठवड्यात मी तिला आडून आडून जात विचारली. ती म्हणाली, "आम्ही इस्राएल लोक." मी म्हटलं, म्हणजे ख्रिस्ती. नाही म्हणाली. मग मुसलमान? तेही नाही. "कोकणात आम्हाला शनवार तेली म्हणतात," असं ती हसून म्हणाली. तेली म्हटल्यावर मला जरा बरं वाटलं, कुठेतरी बसवता आलं. पण शनवार तेली असून शनिवारी ती कामाला हात लावत नसे, आणि तेल तर दुकानातूनच विकत आणायची. मी पुन्हा होतो तिथेच येऊन पडलो.

शुक्रवारी दिवस मावळायच्या आत ती तेलाचा दिवा लावी, डोक्यावर पदर घेऊन डोळे मिटून काही म्हणे. शनिवारी तिची चूल थंड. मात्र बाळंतीण आली, की दिवाही राहिला आणि शनिवारही राहिला. मी एकदा टोकलं, तर म्हणाली, "जीव अडला की शनवार नसतो." तिच्या नियमांना कुठे ताठ उभं राहायचं आणि कुठे वाकायचं हे कोण सांगत होतं, ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. तिला मात्र ते न विचारता कळायचं.

मटणाचं तिने मला समजावून सांगितलं होतं. त्यांच्यात जनावर ठराविक पद्धतीने, प्रार्थना म्हणून, हज्जान नावाच्या जाणत्या माणसाने कापावं लागतं. असा हज्जान सुरतेच्या अलीकडे कुठे सापडणार? म्हणून इथे आल्यापासून तिला मटण बंद, कोंबडी बंद. मासा मात्र चाले. माशाला हज्जान लागत नाही. पाण्यातून काढला की झालं. पण त्यालाही दोन अटी होत्या. अंगाला पंख पाहिजेत आणि खवले पाहिजेत. त्यामुळे शिंगाडा मासा नको, कारण त्याचं अंग गुळगुळीत. झिंगे नकोत, खेकडे तर नकोतच. रोहू चाले. आणि मरळ, जी दिसायला थेट साप, तीही चाले, कारण सापासारखी असली तरी तिच्या अंगावर खवले असतात. मी हे ऐकून घेतलं आणि डोकं खाजवत औषधाच्या बाटल्या धुवायला गेलो.

बाजाराच्या दिवशी ती रंगावली नदीच्या काठी भोईणींसमोर उकिडवी बसे. मी सोबत असलो तरी लांब, वाऱ्याच्या उलट बाजूला उभा. ती मासा हातात घेई आणि शेपटाकडून डोक्याकडे नख फिरवी. खवला नखाला लागून सुटून आला, की मान हलवी. एका भोईणीला तिचा फार लळा. त्या भोईणीने एकदा प्रेमाने तिच्यासाठी मोठा रोहू बाजूला काढून, खरवडून, कातडी सोलून, तुकडे करून पानात बांधून ठेवला. बाईने पान उघडलं आणि बघतच राहिली. हा कोणता मासा आहे हे आता कशावरून ठरवायचं? भोईण चिडली. "बाई, तुन्हासाठे साफ करी ठेयेल शे, आते काय व्हयनं?" बाईने पैसे दिले, माफी मागितली आणि पान तिच्याच पोरांसाठी ठेवून आली. त्या दिवसापासून बाजारात तिचं नाव खवलेबाई पडलं. बाईला ते कळलं तेव्हा ती खूप हसली आणि पुढे त्या नावाला ओ देऊ लागली.

मी माझ्या परीने कारणं शोधत असे. चिखलात लोळणारे मासे वाईट असतील म्हटलं, तर मरळ चिखलातच राहते. बिनखवल्याचा मासा बाधत असेल म्हटलं, तर अख्खा तालुका शिंगाडा खाऊन धडधाकट होता. शेवटी मी तिलाच विचारलं, की खवल्याने असा काय फरक पडतो. ती कापूस गुंडाळत होती. म्हणाली, "मला काय माहीत, भाऊ? देवाने कारण सांगितलं असतं तर तुम्ही त्याच्याशी वाद घातला असतात." मला तिचा राग आला. आपण ज्याच्यासाठी उपाशी राहतो ते का, हे माणसाला ठाऊक नको? पण मग मी घरी येऊन विचार करू लागलो, की आम्ही चातुर्मासात वांगं का खात नाही. तेही मला सांगता येईना.

एकदा तर तीच गोंधळली. भोईणीने वाम आणली होती. लांबलचक, निसरडी. बाईने नख फिरवलं, उजेडात धरली, डोळे बारीक केले. काहीतरी बारीक चमकलं म्हणाली, मग नाही म्हणाली. मलाही बोलावलं, पण मी पुढे गेलो नाही. बराच वेळ खटपट करून तिने वाम परत टोपलीत ठेवली आणि त्या दिवशी भात-आमटी खाल्ली.

हे सगळं गमतीचं वाटे, तोवर नदीपलीकडच्या पाड्यावरची ती गोष्ट घडली.

त्या पाड्यावरची जतरी म्हातारी म्हणजे घरातली कर्ती बाई. कोकणी जमातीची आदिवासी माणसं, डोंगरउतारावर नागलीची शेती. तिची थोरली सून अडली तेव्हा म्हातारीने धीर करून तिला गाडीतून दवाखान्यात आणलं, आणि खवलेबाईने तिला मुलासकट सुखरूप घरी पाठवलं. हे लहान काम नव्हतं. डोंगरातल्या बायका तोवर दवाखान्याची पायरी चढत नव्हत्या, आणि त्या याव्यात यासाठी बाई जिवाचं रान करत होती. एक पाडा आला की शेजारचा येईल, असं ती मला सारखं सांगे. मुलाच्या पाचवीला म्हातारीने आम्हा दोघांना बोलावलं.

बाई कोंबडी खात नाही, मासा खाते, एवढं पाड्यावर पोचलं होतं. म्हणून म्हातारीच्या मुलांनी डोहात उतरून मासे धरले होते. कालवण समोर आलं, लाल, तिखट, वर तेलाचा तवंग. तुकड्यांवर कातडी नव्हती. बाईने विचारलं, हा कोणता मासा. त्यांनी सांगितलेलं नाव आम्हा दोघांनाही कळलं नाही. खवले होते का? सुना एकमेकींकडे बघू लागल्या. जे काढलं ते कोंबड्यांनी खाऊन टाकलं होतं. बाईने हात जोडले, कालवण बाजूला सारलं आणि मीठ-मिरचीशी भाकरी खाल्ली. म्हातारीने कालवण उचलून आत नेलं. मी तर तिथे पाणीसुद्धा घेतलं नव्हतं, पण माझा कोणालाच राग नव्हता. वाणी पाणी घेणार नाही हे त्यांनी धरूनच ठेवलं होतं. जी त्यांच्या चुलीपाशी बसून भाकरी खात होती तिचाच त्यांना अपमान वाटला. परत येताना मी बाईला म्हटलं, एक तुकडा गिळला असता तर कोण बघत होतं? ती म्हणाली, "मी बघत होते ना."

त्यानंतर त्या पाड्यावरून कोणी आलं नाही. शेजारच्या पाड्यावरूनही नाही. बाईचं जेवणावरचं मन उडालं. बाजारात गेली तरी मासा न घेता परत येई. मग एका सकाळी लाकडाची मोळी विकायला आलेल्या माणसाकडून कळलं, की जतरी म्हातारीची धाकटी सून कालपासून अडली आहे आणि त्यांनी कोणाला बोलावलेलं नाही. बाईने पेटी उचलली. मी म्हटलं, न बोलावता कसं जायचं, दारातून घालवून देतील. तिने माझ्याकडे असं बघितलं, की मी मुकाट्याने गाडी जुंपायला गेलो.

म्हातारी दारातच बसली होती, हातात आंबिलीचं वाडगं. आतून कण्हणं ऐकू येत होतं. आमच्याशी ती बाजारातली अहिराणी बोले. उठली नाही, पण पाय दारात आडवा घातला. "आमना हातनं तू खात नई," ती म्हणाली. "मंग आमनी पोरले हात कसा लावशी?"

मला वाटलं, आता बाई खवल्यांचं समजावून सांगत बसणार आणि आत पोरगी मरणार. पण बाई तिच्यासमोर मातीत खाली बसली. म्हणाली, "आजी, भूक लागलीय. ते वाडगं दे."

म्हातारीने वाडग्याकडे बघितलं. अर्धं पिऊन झालं होतं. "हाई उष्टी शे."

"म्हणून तर मागतेय."

तिने वाडगं घेतलं, म्हातारीचं तोंड लागलं होतं तिथेच तोंड लावलं आणि आंबील शेवटच्या थेंबापर्यंत प्याली. बोटाने वाडगं पुसून चाटलं. आमच्या सगळ्या मुलखात याहून जवळीक सांगणारं दुसरं काही नाही. नवरा-बायकोत, मायलेकरांतच हे चालतं. माझ्या अंगावर काटा आला, तो किळसेचा की आणखी कशाचा हे मी आजही सांगू शकत नाही. म्हातारीने पाय बाजूला घेतला.

मूल आडवं होतं. बाईला दुपार टळेपर्यंत झगडावं लागलं, पण मुलगी झाली, रडली, आणि आई जगली. बाहेर आल्यावर बाई म्हातारीशेजारी भिंतीला टेकून बसली आणि मग तिने सांगितलं, की तुझ्या हाताबद्दल माझं काही म्हणणं नाही, मी फक्त मासा बघते, त्याच्या अंगावर खवले दिसले पाहिजेत. म्हातारीने बराच विचार केला. मग म्हणाली, "मंग त्या मासानीच काही चुकी करी व्हई." बाईने मान हलवली. मला वाटतं, इतक्या दिवसांत तिच्या धर्माचं कोणाला इतकं पटलेलं तिने पाहिलं नव्हतं.

पुढे पाड्यांवरून बायका येऊ लागल्या. येताना अख्खे मासे आणत, एकही खवला न काढलेले, आणि बाईसमोर धरून उभ्या राहत. मी तक्रार केली की दवाखान्याला वास मारतो. बाई म्हणाली, फरशी पुसायच्या कार्बोलिकपेक्षा बरा. सुरतेच्या गाडीने नारळ आले की ती पोहे, गूळ आणि खोबऱ्याचा मलिदा करून देवाचे आभार मानी आणि सगळ्यांना वाटे. मी तो खात असे. घरी सांगत नसे.

तिची आई आजारी पडली तेव्हा ती नोकरी सोडून अलिबागला गेली. स्टेशनवर तिला पोचवायला एवढी डोंगरातली माणसं आली, की गार्डाला कळेना, गाडीत कोण चढणार आणि कोण नाही. मला तिचं फार वाईट वाटलं, आणि आता इथे कोणी आपल्याला उलटं बोलणार नाही याचं त्याहून जास्त. तिच्याच समाजाचा एक गार्ड त्या मार्गावर होता. त्याच्याकडून काही वर्षांनी कळलं, की ती आईच्या मागोमाग तापाने गेली.

तिच्या जागी आलेली नर्स ख्रिस्ती होती आणि सगळं खात होती. तिच्यासोबत मी परत त्या पाड्यावर गेलो, थोरल्या सुनेचं आणखी एक बाळंतपण होतं. नर्स आत गेली. जतरी म्हातारी आता राहिली नव्हती. दाराशी तीच धाकटी जाऊ बसली होती, पदराला तिची मुलगी लोंबकळत होती. दोघींच्या समोर पळसाच्या पानावर भात आणि शिजवलेल्या माशाचा एक तुकडा मांडला होता. तुकड्याच्या एका बाजूचे खवले तसेच ठेवले होते. हे कोणासाठी, मी विचारलं.

"बाईनं पान शे," ती म्हणाली. "ती जेवनी म्हंजे बाळंतीण सुटस. पन खवला दखाडना पडतस, नई ते ती जेवत नई."

नवी नर्स आत आहे, तीच म्हणायची आहे का, असं मला आधी वाटलं. मग समजलं, पान खवलेबाईचं होतं. बाई गेली हे सांगायला मी तोंड उघडलं. पण ती माझ्याकडेच बघत होती, आणि आत तिची जाऊ कण्हत होती.

"भाऊ, तुले तिन्हं समजस. बरोबर शेतस ना?"

तिचं मला कधी काहीच समजलं नव्हतं. मी खाली बसलो, पानावर वाकलो आणि जन्मात पहिल्यांदा मासा जवळून बघितला. मग नख फिरवून बघितलं. खवला नखाला लागला.

"शेतस," मी म्हणालो. "आते बाई जेवी."